कुशीतील कळ : प्रत्येक वेळी मुतखडाच नव्हे

माळव्यातील उन्हाळा वाढू लागला की कुशीवर हात दाबून येणाऱ्या तरुण रुग्णांची संख्याही वाढते, आणि ‘मुतखडा’ हे निदान रुग्ण स्वतःच सांगतो. पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु याच वेदनेआड असे काही विकार दडलेले असतात, की ज्यांत एकेक तास मोलाचा असतो. त्यांचा थोडक्यात परामर्श येथे घेत आहे.

मुतखड्याची कळ पाठीच्या बाजूने निघून जांघेकडे उतरते. रुग्ण तळमळतो, कोणत्याच कुशीवर त्याला चैन पडत नाही. याउलट पोटातील आवरणास सूज आली असता तो निश्चल पडून राहतो. खोकल्यानेही त्याचे दुखणे वाढते. कोणत्याही यंत्राआधी हा फरक डोळ्यांनी टिपावा, असे मला वाटते.

अपेंडिक्सचे दुखणे सामान्यतः बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली स्थिरावते. मॅकबर्नी यांनी १८८९ साली वर्णिलेला बिंदू आपणा सर्वांस परिचित आहे. मात्र अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे वळलेले असेल, तर दुखणे उजव्या कुशीत जाणवते आणि पोट समोरून मऊच लागते. मूत्रवाहिनी जवळ असल्याने लघवीत तांबड्या पेशीही दिसू शकतात. म्हणून तेवढ्यावरून मुतखडा ठरवू नये. तसेच पेशी दिसल्या नाहीत म्हणून तो नाकारूही नये.

तरुण स्त्रीच्या बाबतीत पाळीची चौकशी आणि लघवीची गर्भचाचणी टाळू नये. नलिकेतील गर्भ किंवा अंडाशयास पडलेला पीळ प्रथम केवळ पोटदुखीच्या रूपाने येऊ शकतो. आई वा सासूबाई समोर असताना खरे उत्तर मिळेलच असे नाही. हा प्रश्न मी नेहमी एकांतात विचारतो.

मुलग्यांची अडचण संकोचाची. एक महाविद्यालयीन तरुण माझ्याकडे ‘पोटात खाली दुखते’ एवढेच सांगत आला होता. तपासणीत वृषणास पीळ पडल्याचे ध्यानी आले व त्यास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे धाडले. अशा वेळी साधारण ६ तासांच्या आत पीळ सोडविल्यास वृषण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून पोट तपासताना जांघ व वृषण तपासणे हा नियमच असावा.

कुशीतील दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आल्यास मूत्रपिंडातील जंतुसंसर्गाचा विचार करावा. त्यातच खड्याने मार्ग अडला असेल, तर केवळ प्रतिजैविके पुरेशी नसतात. तुंबलेली लघवी त्वरित मोकळी करावी लागते. कधी नागीणही पुरळ उठण्यापूर्वी एकाच बाजूस दुखून चकविते.

वाचकांस विनंती अशी : ताप, थांबत नसलेली उलटी, लघवी बंद होणे, भोवळ, पाळी चुकलेली असताना पोटदुखी किंवा वृषणात वेदना, यांपैकी काहीही असल्यास घरगुती काढ्यावर रात्र काढू नये. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. पण कळ चालू असताना बळेच तांब्याभर पाणी प्याल्याने ते लवकर पडत नाहीत. पाण्याचा खरा उपयोग खडा पुन्हा न होण्यासाठी. दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी बरेच अधिक लागते.