चौकात उभं राहिल्यावर कळलेलं

वाहतूक सर्वेक्षणाच्या कामात नागपूरचे बहुतेक मोठे चौक मी हातात तक्ता घेऊन पालथे घातले. गाड्या मोजल्या, सिग्नलच्या वेळा लिहिल्या आणि त्या आकड्यांवर ‘स्मार्ट’ यंत्रणांचे आराखडे उभे केले. चुकत चुकत जे कळलं, ते या कामात नव्यानं येणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितो आहे.

१. मोजणी मे महिन्यात, दुपारी दोन वाजता करा.

माझा पहिला आराखडा जानेवारीतल्या मोजणीवर बेतलेला होता. एका चौकात मी लाल दिवा दीड मिनिटाहून लांब ठेवला होता. कागदावर हिशेब चोख बसत होता. उन्हाळ्यात तिथे गेलो, तर दुचाकीवाले थांबरेषेच्या बरेच अलीकडे, कडुनिंबाच्या सावलीत उभे. हिरवा लागला की तिथून निघायचे, त्यामुळे हिरव्याचे पहिले काही सेकंद रिकामेच जात. लेकराला पुढ्यात घेतलेली एक बाई तर लाल असतानाच निघून गेली. नियम तिलाही ठाऊक होता. लेकराचं डोकं तापत होतं. २३ मे २०१३ ला या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. इथे लाल दिवा किती लांब ठेवायचा, हा आरोग्याचाही प्रश्न आहे. अलीकडच्या उन्हाळ्यांत काही सिग्नलांवर हिरवी जाळी बांधली जाते, दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात. मला हे फार मोलाचं वाटतं. महागड्या यंत्रणेच्या आधी सावलीचा विचार व्हायला हवा.

२. यंत्राला गावाचं पंचांग द्या.

आपोआप जुळवून घेणारा सिग्नल गाड्यांची रांग मोजतो आणि लांब रांगेला जास्त हिरवा देतो. पण डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की विधानभवनाच्या दिशेनं मोर्चे निघतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, त्यांतली कितीतरी स्टेशनवरून पायी, डोक्यावर बोचकं घेऊन. आमच्या आराखड्यात मोटार होती, ट्रक होता, ऑटो होता. पायी चालणाऱ्याचा रकानाच नव्हता. ही चूक यंत्राची नव्हती, आमची होती.

३. फलक कोण वाचणार, ते आधी विचारा.

एका थांब्यावर बसची वेळ दाखवणारा फलक आम्ही सुचवला, तो इंग्रजीत. हिंगणा एमआयडीसीतून पाळी संपवून आलेल्या एका मावशींनी मलाच विचारलं, “भाऊ, शेवटची गाडी गेली का?” त्यांना तेवढंच हवं होतं. फलक मराठी-हिंदीत आणि मोठ्या अक्षरांत करायला लावला.

४. प्रदेश म्हणजे फक्त शहर नव्हे.

नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. महाराष्ट्राच्या हद्दीत तिथे वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या आहेत. त्या वापरात आहेत का, हे भारतीय वन्यजीव संस्थेनं कॅमेरे लावून तपासलं आणि त्यांत वाघही दिसले. बांधून झाल्यावर असं तपासणं शहरातल्या किती कामांच्या नशिबी येतं?

५. चालकाशेजारी बसून एक फेरी करा.

एखादी जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते ती साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात, तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू झाल्यावर. म्हणजे माणसं गेल्याशिवाय किंवा जबर जखमी झाल्याशिवाय यादीत नाव नाही. ही पद्धत मला कायम टोचत आली. म्हणून २०२१ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पाकडे मी आशेनं पाहिलं. महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था त्यात होत्या. शहर बसच्या काचेशी कॅमेरा बसवायचा, धोका दिसला की चालकाला इशारा द्यायचा. आणि जिथे इशारे पुन्हा पुन्हा वाजतात ती जागा अपघात होण्याआधीच हेरायची.

पुढे अशाच एका बसमध्ये चालकाशेजारी बसून मी त्याला यंत्राबद्दल विचारलं. तो म्हणाला, “साहेब, वाजते ते बरंच आहे. पण त्या वळणावर शाळा सुटते न, तिथं मी पहिलेच पाय ब्रेकवर ठेवतो.”

ते वळण आमच्या कुठल्याच यादीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मी तक्ता घेऊन तिथे जाऊन उभा राहिलो.