गल्लीचा हलता नकाशा

माहूरच्या बाजारातून गडाकडे जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. रेणुकामातेचे हे स्थान साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. नवरात्रात आणि दत्तजयंतीला येथे यात्रेकरूंची रीघ लागते. अशा गावात रस्त्यावरच्या घराला राहणाऱ्याप्रमाणेच दुकान किंवा लॉज काढणाराही गिऱ्हाईक असतो.

समजा, एका गल्लीत तीस वर्षांपूर्वी शंभर माणसे राहत होती आणि आजही शंभरच राहतात. मग गल्ली बदलली नाही, असे म्हणता येईल का? त्यांतली साठ माणसे निघून गेली असतील आणि त्यांच्या जागी दुसरी साठ आली असतील. बेरीज तीच, गल्ली मात्र वेगळी! बेरजेत लपलेला असा बदल डोळ्यांना कसा दाखवायचा?

लंडनमध्ये चार्ल्स बूथ या जहाजमालकाने एक युक्ती केली. १८८९ साली त्याने शहराचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक रस्ता तेथील लोकांच्या सांपत्तिक स्थितीप्रमाणे रंगवला होता: अगदी हलाखीच्या वस्तीला काळा, श्रीमंतांच्या वस्तीला पिवळा, मधल्यांना निळ्या-तांबड्या छटा. सुमारे दहा वर्षांनी त्याने तेच रस्ते पुन्हा पाहून नकाशा सुधारला. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले, की कोणत्या रस्त्याचा रंग पालटला ते लगेच दिसते. पुढे लंडनच्याच कामगार वस्त्यांत सुखवस्तू लोक राहायला येऊ लागले आणि जुने रहिवासी बाहेर पडले. या क्रियेला समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ साली ‘जेंट्रिफिकेशन’ असे नाव दिले.

आपल्याकडे याचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर कचेऱ्या, दुकाने व उंच इमारती उभ्या राहिल्या. आता जनगणनेचे आकडे पाहा. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ३३,३८,०३१ होती. २०११ साली ती ३०,८५,४११ झाली. त्याच काळात ठाणे जिल्हा ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ वर गेला. पालघर तेव्हा ठाण्यातच होते. एका लाखाला एक ज्वारीचा दाणा धरून हे आकडे कागदावर मांडा. शहराचे दाणे ३३ वरून ३१ होतील, ठाण्याचे ८१ वरून १११! पण सावधान. शहरातून उचललेले दाणेच ठाण्यात पडले, असे हे आकडे सांगत नाहीत. ठाण्यात जन्मलेली मुले आणि इतर जिल्ह्यांतून आलेली माणसेही त्यात आहेत. कोण गेले आणि का गेले, हे माणसांनाच विचारावे लागते.

तेच आता तुम्ही करून पाहा.

एका जाड कागदावर आपल्या गल्लीतील घरांचे चौकोन काढा. त्याच मापाचे तीन ट्रेसिंग पेपर एका कडेला चिकटवा. पहिला १९९३ चा, दुसरा २०१६ चा, तिसरा आजचा. ही वर्षे मुद्दाम निवडली आहेत. आजीला साल आठवणार नाही, पण “किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी या घरात कोण होते?” किंवा “नोटाबंदी झाली तेव्हा येथे काय होते?” असे विचारले, तर ती नेमके सांगेल. प्रत्येक घराविषयी दोघांना विचारा. उत्तरे जुळली नाहीत, तर त्या चौकोनात नुसत्या पेन्सिलीच्या रेघा मारा.

निदान दहा वर्षे तेथे राहणाऱ्यांना हिरवा रंग द्या, त्यानंतर आलेल्यांना निळा, दुकान किंवा लॉजला तांबडा. रिकामे घर कोरे ठेवा. आता एकेक पान मूळ नकाशावर टाका आणि उचला. हिरवे चौकोन कोठे निळे झाले, कोठे तांबडे झाले, ते तुमच्या हाताखाली हलताना दिसेल. संगणकाच्या पडद्यावर सरकपट्टी ओढून नकाशा बदलतात, त्यामागची कल्पना हीच. गेलेले कुटुंब कोठे गेले हे कळले, तर वहीत त्या गावापुढे एक खूण करा. किनवट, नांदेड, पुणे — कोणत्या नावापुढे खुणा जास्त होतात ते पाहा.

एक पथ्य मात्र पाळा. नकाशावर कोणाचे नाव, जात किंवा कर्ज लिहू नका आणि घरच्यांना विचारल्याशिवाय तो भिंतीवर लावू नका. तांबडा चौकोन म्हणजे वाईट, असेही समजू नका. एकाने मुलांच्या शिक्षणासाठी घर आपखुशीने विकलेले असते, दुसऱ्याला भाडे न परवडल्याने ते सोडावे लागलेले असते. रंग दोघांचा सारखाच दिसतो. म्हणून प्रत्येक तांबड्या चौकोनापुढे वहीत एक प्रश्न लिहा: “हे घर सोडले की सुटले?” त्याचे उत्तर मिळेपर्यंत तुमचा नकाशा अपुरा आहे.