ट्रेलर उभ्या उभ्या खराब होतो

मिशिगनमध्ये कॅम्पिंगच्या ट्रेलरचा मोसम मे ते ऑक्टोबर. बाकीचे महिने तो अंगणात बर्फाखाली उभा असतो. त्यामुळे जुना ट्रेलर घेताना 'फारसा चाललेला नाही' हे मालकाचं बोलणं ऐकून आम्हाला बरंच वाटलं. पहिल्याच उन्हाळ्यात आय-७५ महामार्गावरून उत्तरेकडे जाताना उजवीकडचा टायर फुटला. सुटलेल्या रबराच्या पट्ट्यांनी चाकावरचा पत्रा उचकटला. मदतीला आलेल्या मेकॅनिकनं टायरच्या बाजूवर टॉर्च धरला आणि डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे दाखवले: ३५१२. म्हणजे २०१२ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी होती, पण रबर दहा वर्षांहून जुनं होतं.

मोटारीची देखभाल आपण मैलांवर करतो. ट्रेलरची तारखेवर करावी लागते, कारण ऊन, थंडी आणि ओल त्याला उभ्या उभ्या खातात. म्हणून पुढची कामं कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

टायर पाच-सहा वर्षांनी बदला, नक्षी कितीही चांगली दिसो. हवा सकाळी, टायर गार असताना भरा. बदललेल्या चाकाचे नट पन्नास ते शंभर मैलांनंतर टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा. बेअरिंगचं ग्रीस दर वर्षी बदला. प्रवासात थांबलात की चाकांच्या हबजवळ हात न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर पुढे जाऊ नका.

सगळ्यात मोठा शत्रू पाणी. टायर बदलता येतो, पण कुजलेली भिंत दुरुस्त करायला कित्येकदा ट्रेलरच्या किमतीशी स्पर्धा करणारा खर्च येतो. वसंतात आणि हिवाळ्यापूर्वी, असं वर्षातून दोनदा छत तपासा. छत वजन पेलणारं नसेल तर शिडीवरूनच पाहा. झरोके, अँटेना, कडेच्या पट्ट्या या सगळ्यांभोवती सीलंटचा थर असतो. त्यात केसाएवढी भेग पडली तरी पाणी आत शिरतं आणि आतल्या लाकडात मुरत राहतं. डाग दिसेपर्यंत लाकूड मऊ झालेलं असतं. आमच्या ट्रेलरमध्ये पलंगाजवळच्या कोपऱ्यात अंगठा दाबला तर भिंत आत जायची. वर पाहिलं तर झरोक्याच्या कडेचं सीलंट सुटलेलं होतं. भेग दिसली की जागा स्वच्छ पुसा, कोरडी करा आणि छताच्या साहित्याला चालणारंच सीलंट लावा. भिंती, कोपरे आणि खिडक्यांखालची जागा अंगठ्यानं दाबून पाहायची सवय ठेवा.

थंडी पडायच्या आत पाण्याच्या टाक्या आणि नळ रिकामे करा. वॉटर हीटर आधी पूर्ण गार होऊ द्या, दाब सोडा, मगच त्यातलं पाणी काढा. हीटर बायपास करून गुलाबी, बिनविषारी अँटिफ्रीझ प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत फिरवा. शौचालय आणि बाहेरचा शॉवर विसरू नका. राहिलेलं पाणी गोठून पाइप फोडतं. बॅटरी चार्ज करून ठेवा.

वसंतात गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का पाहा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर कायमचे नसतात. त्यांच्या मागे छापलेली तारीख वाचा आणि मुदत संपली असेल तर त्याच दिवशी बदला. त्यात चालढकल नको, आत आपली मुलं झोपलेली असतात.

जुना ट्रेलर घेणार असाल, तर 'किती चालला?' हा प्रश्न पुरेसा नाही. छताचं सीलंट शेवटचं कधी लावलं, बेअरिंगला ग्रीस कधी दिलं, हे विचारा आणि टायरवरचे चार आकडे स्वतः वाचा. उत्तरं मिळाली नाहीत, तर हा सगळा खर्च आपल्यालाच करायचा आहे असं धरून किंमत ठरवा.