खात्यात चुकून आलेले पैसे

प्रश्न : कांद्याच्या पट्टीची वाट बघत होतो, तर अनोळखी नावाने 18,000 रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. आता एकजण फोनवर ‘या नंबरला परत टाका’ म्हणतो. चूक त्याची, मग पैसे माझेच ना?
– एक शेतकरी, राहुरी

उत्तर : नाही, भाऊ. करार कायदा, 1872 च्या कलम 72 नुसार चुकून आलेली रक्कम परत करावीच लागते. पण घाबरू नका, यात तुमचा दोष नाही. फोनवाल्याच्या नंबरवर मात्र एक रुपयाही टाकू नका. आधी पासबुकात एंट्री मारून घ्या; पुष्कळदा मेसेजच खोटा असतो. पैसे खरंच आले असतील, तर ते खर्च न करता शाखेत लेखी अर्ज द्या. ज्या खात्यातून आले, तिकडेच बँकेमार्फत परत पाठवायला सांगा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. पुढे ते पैसे फसवणुकीचे निघून खातं गोठवलं गेलं, तर तोच कागद कामी येईल. ओटीपी मागितला, धमकावलं, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा.