इंजिन पुन्हा बांधण्यापूर्वी

टर्बोचार्जर लावलेले इंजिन निकामी झाले म्हणजे मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो पूर्वीपेक्षा भक्कम सुटे भाग बसविण्याचा. आणि या विचारामागे कितीही सद्हेतू असला, तरी पुढील अनर्थाची परंपरा पुष्कळदा तेथूनच सुरू होते, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. जे मोडले ते कोणत्या कारणाने मोडले याची तहकीकात पुरी होण्याआधी जो पोलादाच्या किमती विचारू लागतो, त्याला तेच इंजिन दुसऱ्यांदा उतरवावे लागण्याचा संभव फार मोठा. आणि दुसऱ्या वेळचा खर्च पहिल्याहून नेहमीच अधिक असतो, कारण तोवर पहिल्या दुरुस्तीत घातलेला नवा मालही खराब झालेला असतो.

माझी गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आर. एस., पुण्यातीलच एका गृहस्थांकडून जुनी घेतलेली. तिचे 1781 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचे हेड, अशी तिची मूळ ठेवण. कारखान्याने ठरविलेली शक्ती 150 अश्वशक्ती आणि टॉर्क 210 न्यूटन-मीटर. एवढ्या कामासाठी तिचे सर्व भाग पुरेसे सशक्त होते, आणि त्याच मर्यादेत अशा कित्येक गाड्या वर्षानुवर्षे बिनतक्रार चालल्या आहेत. परंतु पूर्वीच्या मालकाने एका गॅरेजमधून तिच्या संगणकातील तक्ते बदलून घेतले होते, म्हणजे गाडी रिमॅप केलेली होती, आणि तो रिमॅप करणाऱ्याने सारा बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांपाशीच उघडून दिला होता. चालविणाऱ्याला त्यामुळे पाठीला जोराचा धक्का बसतो व गाडीत मोठे बळ आल्यासारखे वाटते. बोरघाट चढताना पाचव्या गिअरमध्ये, फेऱ्या कमी असताना, पुढच्या ट्रकला मागे टाकण्यासाठी ॲक्सिलरेटर पुरता दाबला गेला आणि गाडी एकाएकी मंदावली. स्फोट नाही, धूर नाही. केवळ एक अपरिचित थरथर आणि चढावर जाणवणारी अशक्तता.

निष्कासित वायूच्या शक्तीवर पंखा फिरवून सिलिंडरमध्ये हवा दाबून भरण्याची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली पेटंटाने नोंदविली, आणि तेव्हापासून या युक्तीचा लाभ व तिची जोखीम ही दोन्ही एकाच गोष्टीत साठलेली आहेत: सिलिंडरच्या आतील दाब. कनेक्टिंग रॉडवर दोन तऱ्हांचे बल येते, हे येथे नीट ध्यानात घ्यावे. फेऱ्या वाढल्या म्हणजे खाली-वर धावणाऱ्या पिस्टनचे वजन रॉडला ताणते, व हा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्याचा भार विशेषेकरून रॉडच्या बोल्टांवर पडतो. उलट कमी फेऱ्यांत प्रचंड टॉर्क मागितला म्हणजे ज्वलनाचा दाब रॉडला वरून चेपतो, आणि त्या वेळी पिस्टनची गती मंद असल्यामुळे त्या दाबाला उसंत देणारे काहीच नसते. रॉड वाकतात ते बहुधा याच रीतीने. अश्वशक्तीच्या आकड्याची धास्ती सगळेच घेतात, परंतु रॉड वाकविणारा आकडा टॉर्कचा असतो, आणि तोही खालच्या फेऱ्यांतील.

निदानाच्या बाबतीत मला जे शिकायला मिळाले ते मी विस्ताराने सांगतो. कॉम्प्रेशन तपासले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा आकडा शेजाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी आला. एवढ्यावर ‘रिंगा गेल्या’ असा निकाल देण्याची गॅरेजांत प्रथा आहे. खरी रुजुवात होते ती लीक-डाउन परीक्षेने. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी अगदी माथ्यावर आणावा, स्पार्क प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडावी आणि ती कोठून निसटते ते कानाने शोधावे: तेलाच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा अथवा पिस्टन, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि कूलंटच्या बाटलीत बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. माझ्या गाडीत हवा कोठूनच फारशी निसटत नव्हती. हवा धरून ठेवणाऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी भरते याचा अर्थ पिस्टन वरपर्यंत पोहोचत नाही, म्हणजे रॉड वाकून आखूड झाला आहे. हेड काढून डायल गेज लावल्यावर तो पिस्टन इतरांहून सुमारे पाऊण मिलिमीटर खाली राहिलेला दिसला.

इथपर्यंत सारे ठीक होते. परंतु ज्या गॅरेजकडे काम सोपविले त्याने एक रॉड बदलला, बेअरिंगची नवी जोडी घातली आणि गाडी स्वाधीन केली. वाकलेला रॉड आपल्या बेअरिंगवर तिरपा चालतो, एका कडेने ते खरवडतो, आणि त्या खरवडीचा कण न् कण तेलाबरोबर इंजिनभर फिरलेला असतो, याचा विचार कोणी केला नाही. थोड्याच काळात तेलाचा दाब उतरू लागला. तेलाचा फिल्टर करवतीने कापून त्यातील घडीचा कागद मी पांढऱ्या थाळीत पसरला व उन्हात धरला, तेव्हा त्याच्या प्रत्येक घडीत तांबूस चकाकीचे बारीक पापुद्रे अडकलेले होते. लोहचुंबक फिरवला, ते हलले नाहीत. लोखंड नव्हे, बेअरिंगचा थर होता तो. हे कण ऑइल कूलरच्या अरुंद वाटांत दडून बसले होते आणि नव्या बेअरिंगांवर पुन्हा येऊन पडले होते. टर्बोच्या दांड्यालाही बोटाने हलविल्यावर जाणवेल इतका खुळखुळा आला होता. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा तो दांडा केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. घाणेरड्या तेलाची पहिली किंमत त्यालाच द्यावी लागते.

म्हणून माझी पहिली आग्रहाची सूचना अशी की, बेअरिंग खरवडलेल्या इंजिनाचा ऑइल कूलर धुऊन परत वापरण्याच्या भरीस पडू नये, तो नवाच घालावा. टर्बोला जाणारी तेलाची नळी नवी घ्यावी. इंटरकूलर उतरवून आतून स्वच्छ करावा. आणि तेल ओढणारी जाळी, जिच्यावर जळक्या तेलाची साय धरण्याची या जातीच्या इंजिनात मोठी शक्यता असते, ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. क्रँकशाफ्टच्या तेलवाटा बंद करणारे प्लग काढून त्यांत ब्रश फिरविल्याशिवाय तो शाफ्ट ‘साफ’ झाला असे कोणी म्हटले तर मानू नये.

दुसऱ्या वेळी इंजिन बांधावयाचे ठरले तेव्हा मी सुट्या भागांच्या जाहिरातींपेक्षा मापे घेणारा माणूस शोधला. तो भेटला एका जुन्या लेथच्या कारखान्यात. त्या वृद्ध कारागिरांना तिथे सगळे अण्णा म्हणत. ब्लॉकचे बोअरिंग होऊन होनिंग सुरू होते, आणि मी बोअर गेजकडे उत्सुकतेने पाहत असताना अण्णांनी तो माझ्या हातून काढून घेतला.

“साहेब, ब्लॉक अजून कोमट आहे. आत्ता माप घेतलं तर खोटं निघेल. थांबा जरा, चहा घ्या.”

मी नंतर हिशेब केला. सुमारे 81 मिलिमीटर व्यासाच्या बिडाच्या बोअरला दहा अंशांची ऊब जवळजवळ एक शतांश मिलिमीटर फुगवते. आणि पिस्टन व भिंत यांच्यात ठेवावयाची मोकळीक मुळात मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते. त्या एका चहाच्या अवधीवर पिस्टन अडकणार की सुखाने चालणार हे अवलंबून होते. कारागिराची अशी धीमी सचोटी मला कोणत्याही विलायती पिस्टनाहून मोलाची वाटते, आणि ती जेथे आढळेल तेथे मालकाने मजुरीची घासाघीस करू नये.

अण्णांनी आणखी एक तजवीज केली. हेडचे बोल्ट आवळले म्हणजे ब्लॉकच्या भिंती किंचित वेड्यावाकड्या होतात. यास्तव जाड पोलादी पाटा हेडच्या जागी बसवून, बोल्ट पुऱ्या जोराने आवळून, मग होनिंग करावे लागते, म्हणजे चालत्या इंजिनात बोअर गोल राहतो. हा पाटा ज्याच्याकडे नाही आणि जो तो करवून घेण्यास राजी नाही, त्याच्याकडे टर्बोचे इंजिन देऊ नये.

आता भागांविषयी. रॉड फोर्ज केलेल्या 4340 पोलादाचे घेतले, कारण मोडण्याचे कारण तेथेच होते. पिस्टनाच्या बाबतीत दोन मिश्रधातूंमधून निवड करावी लागते: 2618 हा चिवट, अवचित नॉक (मिश्रणाचा आपोआप होणारा भडका) सहन करणारा, परंतु तापल्यावर अधिक फुगणारा, म्हणून जास्त मोकळीक मागणारा व थंड असताना खडखडणारा, 4032 मध्ये सिलिकॉन सुमारे 12 टक्के, तो कमी फुगतो, शांत चालतो, पण आघाताने तडकण्याची भीती अधिक. रोज कचेरीत जाण्याच्या गाडीला, जिचा बूस्ट मर्यादेत ठेवावयाचा आहे, 4032 पुरेसा आहे असे माझे मत. शर्यतीच्या मैदानावरील शिफारशी शहरातल्या गाडीला लावण्यात शहाणपण नाही. रिंगेची फट प्रत्येक सिलिंडरमध्ये फीलर गेजने मोजून घ्यावी. टर्बोच्या उष्णतेत रिंगेची टोके एकमेकांस भिडली तर पिस्टनाची कडाच तुटते, म्हणून फट थोडी अधिक असलेली परवडते, कमी असलेली परवडत नाही. बेअरिंगची मोकळीक शाफ्टच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी, आमच्या इंजिनात 0.05 मिलिमीटरच्या आसपास. रॉडचे बोल्ट केवळ टॉर्क रेंचच्या भरवशावर न आवळता त्यांची लांबी किती ताणली हे गेजने मोजावे. हेडचे मूळ बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत. आणि या सर्व मापांचा तक्ता कारागिराच्या सहीनिशी आपल्या दप्तरी ठेवावा, म्हणजे पुढे वाद उद्भवल्यास तो दस्तऐवज बोलतो.

दस्तऐवजाचा विषय निघाला म्हणून सांगतो, मूळ ब्लॉक शक्यतो टाकू नये. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 अन्वये नोंदणीच्या दाखल्यातील मजकूर आणि निर्मात्याने मुळात नमूद केलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरबदल मालकास मना आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली त्याचा अर्थ कडकपणेच लावला आहे. ब्लॉक बदलला की इंजिनाचा क्रमांक बदलतो. मग परिवहन कार्यालयाची मंजुरी, दाखल्यावरील नोंद, विमा कंपनीस कळविणे, अशी मोठी यातायात येते, आणि ती टाळली तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी अडचण उभी राहते.

इंधनाकडे लक्ष न देता बांधलेले कोणतेही इंजिन टिकत नाही. ऑक्टेन कमी असेल तर न जळलेले उरलेसुरले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकते. हाच नॉक, आणि फोर्ज केलेला पिस्टन त्याला फार तर काही काळ सोसतो. इंडियन ऑइलने 100 ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर 2020 मध्ये पुण्यासह काही शहरांत आणले. परंतु ते ज्या गावी मिळत नाही तेथे जाणाऱ्याने आपला मॅप 95 ऑक्टेनवरच करवून घ्यावा. शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे मिश्रण मिळते. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हे खरे. पण तितक्याच हवेला निव्वळ पेट्रोलपेक्षा सुमारे 8 टक्के अधिक इंधन लागते, आणि जुन्या गाडीच्या इंजेक्टरांची क्षमता पूर्ण बूस्टवर आधीच संपत आलेली असली तर मिश्रण नेमक्या घातक क्षणी पातळ होते. मॅप करणाऱ्याकडून हवा-इंधनाचे प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचा आलेख मागून घ्यावा; तो दाखविण्यास जो कांकू करतो त्याच्या हाती गाडी देऊ नये. माझ्या मॅपमध्ये तीन हजार फेऱ्यांच्या आत टॉर्क मुद्दाम आवरून धरला आहे, आणि घाटात मी खालचा गिअर घालतो.

पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी कॉइल व इंजेक्टरांची जोडणी काढून, स्टार्टरनेच इंजिन फिरवून, तेलाचा दाब काट्यावर दिसेपर्यंत ठिणगी देऊ नये. तेल आरंभी साधे खनिज वापरावे, आणि ‘हळूहळू चालवा’ हा सर्वत्र मिळणारा सल्ला शब्दशः पाळू नये. रिंगा बसण्यासाठी त्यांच्यामागे दाब लागतो, म्हणून मधल्या फेऱ्यांत माफक भार द्यावा, लगेच सोडावा, पुन्हा द्यावा, आणि उभ्या गाडीत इंजिन फार वेळ चालू ठेवू नये. पहिले तेल लवकरच काढावे व फिल्टर कापून पाहावा. राखाडी रंगाची बारीक पूड दिसली तर ती होनिंगची व रिंगांची, तिची काळजी नाही. तांबूस पापुद्रा दिसला तर ते इंजिन गॅरेजपर्यंत नेण्यापुरतेसुद्धा पुन्हा चालू करू नये. गाडी टो करून न्यावी.