पायघोळ झगा

नाताळच्या नाटिकेत मरीया कोण होणार हे ठरलं, की संडे स्कूलच्या शिक्षिकेचा फोन वाजू लागतो. फोन मुलांचे नसतात, आयांचे असतात. ‘‘आमची तिच्यापेक्षा चांगलं बोलते, मग हिला मेंढपाळ का?’’ मुलीला खरं तर मेंढपाळाची काठी आवडलेली असते. घरी पोचेपर्यंत तरी.

मत्सर मुलांच्या मनात आपसूक उगवतो, मान्य. पण त्याला खतपाणी आपणच घालतो. याकोबानेही घातलं. इतके मुलगे असताना पायघोळ झगा केला तो एकट्या योसेफासाठी. याकोबाला तरी हे कळायला हवं होतं. त्याच्या बापाचा ओढा एसावाकडे, आईचा याच्याकडे. त्यापायी त्याला घर सोडून पळावं लागलं होतं. तरी त्याने तोच कित्ता गिरवला, आणि सतरा वर्षांच्या योसेफाला भावांनी चांदीच्या वीस नाण्यांना विकलं.

इथून आपण मुलांना घाईघाईने मिसरच्या राजदरबारात नेतो. मधली एक पंगत राहून जाते. दुष्काळात धान्यासाठी आलेल्या भावांना योसेफ ओळख न देता जेवायला बसवतो आणि धाकट्या बन्यामीनाला इतरांच्या पाचपट वाढतो. मला तरी वाटतं, मुद्दामच. भाऊ मात्र मजेत खातात-पितात. पुढे बन्यामीनावर चोरीचा आळ येतो, तेव्हा यहूदा म्हणतो, याच्याऐवजी मला गुलाम करून ठेवा. योसेफाला विकायची कल्पना याच यहूदाची! बापाचा जीव अजूनही धाकट्यातच अडकलाय, हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. म्हणजे बाप होता तसाच होता, वाटे सारखे झालेच नव्हते. बदलला होता भाऊ.

म्हणून दोघा भावंडांना केकचे तुकडे मोजूनमापून देण्यात फार शक्ती घालवू नका. उद्या कोणाला तरी मोठा तुकडा मिळणारच आहे. त्याऐवजी निकालाच्या दिवशी ‘शेजारच्या बंटीला किती?’ हा प्रश्न गिळता येतो का बघा. आपण प्रभूचे लाडके आहोत ते गुणांमुळे नाही, हे मुलांना प्रवचनातून कमी आणि अशा दिवशी आपल्या चेहऱ्यावरून जास्त कळतं.

आणि रात्रीच्या प्रार्थनेत मुलांना खरं बोलू द्या. त्र्याहत्तराव्या स्तोत्रात आसाफ देवापुढे सरळ कबूल करतो, की दुष्टांचं बरं चाललेलं पाहून माझा जळफळाट झाला. मोठ्या माणसाला चालतं, तर लेकराला का नाही? ‘मरीया झालेल्या मुलीला २४ तारखेला ताप येऊ दे’ असं तुमची मुलगी मागेल कदाचित. हसू नका, दटावूही नका. ‘आमेन’ मात्र लगेच म्हणू नका. ‘बरं, आता तिच्यासाठी आणखी काय मागशील?’ एवढंच विचारा आणि थांबा. पहिल्या रात्री बहुधा काहीच सुचणार नाही तिला.