दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर व वेळ यांचा हिशेब

भिंतीवरच्या नकाशांत दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को हीं शहरें पाहिलीं म्हणजे त्यांमधील जवळची वाट चीन, जपान व पॅसिफिक महासागर यांवरून जात असावी असें वाटतें. परंतु संत्र्याची साल पाटावर सपाट करूं गेल्यास ती फाटते किंवा ताणावी लागते; नकाशांतील पृथ्वीचीही तीच गत होय. म्हणून शाळेंतील पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्यें दोरा ताणून पाहावा, असें आम्ही सुचवितों. दोरा सैबेरिया ओलांडून उत्तर अक्षांश ७५ च्याही वर चढेल आणि अलास्कावरून खालीं उतरेल. हा बृहद्‌वृत्ताचा तुकडा. पृथ्वीच्या मध्याशीं त्याचा कोन सुमारें १११ अंशांचा होतो व एका अंशास सुमारें १११ किलोमीटर पडतात. गुणाकार विद्यार्थ्यांनीं करावा. उत्तर १२,३०० किलोमीटरांहून अधिक येईल.

ताशीं ९०० किलोमीटर वेगानें हें अंतर चौदा तासांच्या आंत संपावें. पण विमान दोऱ्यावरून जात नाहीं. एअर इंडियाचें विमान पूर्वीं अटलांटिकवरून सुमारें १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्यें तें पॅसिफिकवरून नेण्यांत आलें. वाट १५,३०० किलोमीटरांवर गेली, आणि वेळ मात्र सुमारें दोन तासांनीं घटून साडेचौदा तास झाला!

पृथ्वी फिरते म्हणून असें झालें, असें उत्तर पुष्कळ मुलें देतात. तें बरोबर नाहीं. पृथ्वी पूर्वेकडे फिरते; तिच्या फिरण्याचा फायदा मिळता, तर पश्चिमेकडे जाणाऱ्यास समोरून येणारें गांव लवकर भेटतें. येथें तर पूर्वेकडे जाणारा लवकर पोंचला. आगगाडीच्या डब्यांत उडणारी माशी जशी गाडीबरोबर जाते, तशी हवा व तींतील विमान पृथ्वीबरोबरच फिरतात.

खरें कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रबळ वारे आहेत; त्यांस जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनीं १९२० नंतरच्या वर्षांत फुगे सोडून ते मोजले होते. पण अहवाल एस्परांतो भाषेंत छापल्यामुळें फारसा कोणी वाचलाच नाहीं. भागाकार केल्यास पूर्वेच्या वाटेवर सरासरी वेग ताशीं सुमारें १,०५५ किलोमीटर येतो, पश्चिमेच्या वाटेवर सुमारें ८४०. एकीकडे वारा पाठीशीं, दुसरीकडे तोंडावर.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा पालकांसाठीं एक गोष्ट. तिकिटावरील सुटण्याची व पोंचण्याची वेळ एकमेकींतून वजा करूं नये. तीं दोन गांवांचीं दोन घड्याळें आहेत. ऑक्टोबरच्या मध्यास सॅन फ्रान्सिस्को दिल्लीच्या साडेबारा तास मागें असतें, हिवाळ्यांत साडेतेरा. पहाटे ४ वाजतां दिल्लीहून सुटलेलें विमान साडेचौदा तासांनीं उतरलें, तर दिल्लींत सायंकाळचे साडेसहा झालेले असतात आणि तेथें त्याच तारखेच्या सकाळचे सहा.